चषक न जिंकलेला कर्णधार

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या क्रीडा पुरवणीत थोर कर्णधारांवरील लेख वाचला. लेख अभ्यासपूर्वक लिहिलेला होता, याबद्दल शंका नाही. मात्र ज्याने मोठा चषक उचलला नाही अशा एकाही कर्णधाराला त्यात जागा मिळालेली नव्हती, आणि ती का मिळू नये हे सांगण्याची गरजही लेखकास वाटली नव्हती. मी सोलापुरातील एका शाळेत एकतीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो. खो-खो आणि कबड्डीचे संघ घेऊन जिल्हाभर हिंडलो, जिंकलेल्या मुलांबरोबर एसटीतून गाणी म्हणत परतलो आणि हरलेल्या मुलांबरोबर त्याच एसटीतून गप्प बसून परतलो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे फारशा परिचित नसलेल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल या खेळातील निक रीवोल्ट या कर्णधाराची कारकीर्द आपल्यापुढे थोड्या विस्ताराने मांडण्याची परवानगी मागतो.

२०१४ साली मुलीकडे मेलबर्नला तीन महिने राहण्याचा योग आला. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो, आणि हिवाळा म्हणजे त्यांच्या फुटबॉलचा हंगाम. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नाही. मैदान लंबवर्तुळाकार आणि क्रिकेटच्या मैदानाएवढे, चेंडूही लांबट, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, आणि मधल्या व बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण मिळतो. चेंडू हातात घेऊन पळता येते, पण फेकता येत नाही. तो लाथेने मारावा लागतो किंवा एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलावा लागतो. पंधरा मीटर किंवा त्याहून लांबून लाथाडलेला चेंडू मधे कोणाचाही स्पर्श न होता झेलला, तर त्या झेलाला ‘मार्क’ म्हणतात, आणि झेलणाऱ्याला कोणाचाही अडथळा न होता पुढचा फटका मारता येतो. हा झेल घेण्यासाठी खेळाडू एकमेकांच्या खांद्यांवर गुडघे टेकवून उंच उडतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या काळजात धस्स झाले होते.

मुलीच्या शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ राहत होते. ते सेंट किल्डा या क्लबाचे जन्मापासूनचे पाठीराखे. हा क्लब १८७३ साली स्थापन झाला, आणि एवढ्या दीर्घ इतिहासात त्याने सर्वोच्च विजेतेपद एकदाच मिळवले आहे, १९६६ साली, कॉलिंगवुडविरुद्ध, तेही ७४ विरुद्ध ७३ असे अवघ्या एका गुणाने. त्या एका गुणाची गोष्ट त्या गृहस्थांनी मला तीन महिन्यांत निदान दहा वेळा ऐकवली असेल. एका शनिवारी ते मला सामन्याला घेऊन गेले. त्या वर्षी सेंट किल्डा तळाला होता आणि हंगामाअखेरही तळालाच राहिला. २२ सामन्यांपैकी त्यांनी फक्त ४ जिंकले. आम्ही गेलो तो सामनाही ते हरले. परंतु निघण्यापूर्वी त्या गृहस्थांनी मला एकच सूचना केली होती, की चेंडूकडे पाहू नका, बारा क्रमांकाच्या खेळाडूकडे पाहा.

मी तसेच केले. बारा क्रमांकाचा तो उंच, सोनेरी केसांचा खेळाडू म्हणजे संघाचा कर्णधार निक रीवोल्ट. खेळायला तो आक्रमक फळीत, म्हणजे त्याचे मुख्य काम गोल करण्याचे आणि मधल्या पट्ट्यात चेंडू झेलून आक्रमण पुढे नेण्याचे. पण चेंडू स्वतःच्या संघाकडे नसतानाही तो धावत होता. आपल्या खांबांपासून मैदानाच्या मध्यापर्यंत, तिथून बाजूच्या रेषेपर्यंत, सहकाऱ्याला चेंडू देण्यास कोणी दिसत नाही असे वाटताच त्याच्यासमोर मोकळ्या जागेत, चेंडू मिळाला नाही की वळसा घालून पुन्हा मूळ जागी. त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी नेमलेला प्रतिस्पर्धी वयाने लहान होता, आणि तिसऱ्या सत्रात तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलेला मला स्वच्छ दिसला. रीवोल्ट त्या वेळी एकतीस वर्षांचा होता आणि तेव्हाही चालत नव्हता. आयुष्यभर मुलांना पळायला शिकवलेल्या माणसाला असे धावणे पाहून काय वाटले असेल, हे आपण समजू शकाल. आपल्या खो-खोत पाठलाग करणारा जसा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावणाऱ्याला दमवून शेवटी बाहेर काढतो, तसा हा आक्रमक खेळाडू बचावपटूला दमवून स्वतःसाठी जागा मोकळी करत होता.

घरी परतल्यावर त्या गृहस्थांकडून आणि नंतर मिळेल तिथून मी त्याची कारकीर्द समजून घेतली. त्याचा जन्म १७ ऑक्टोबर १९८२ रोजी टास्मानियातील होबार्ट येथे झाला आणि तो क्वीन्सलँडमधील गोल्ड कोस्टला वाढला. तिकडे नव्या खेळाडूंची निवड क्लब क्रमाने करतात आणि तळाच्या संघाला पहिला हक्क मिळतो. २००० साली सेंट किल्डा तळाला होता, म्हणून पहिला क्रमांक त्यांच्याकडे आला आणि त्यांनी अठरा वर्षांच्या रीवोल्टला निवडले. २००१ पासून २०१७ पर्यंत तो याच एका क्लबाकडून खेळला. ३३६ सामने, ७१८ गोल, आणि २,९४४ झेल. या शेवटच्या आकड्यापाशी मी थोडा थांबतो, कारण ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ या तिकडच्या सर्वोच्च स्पर्धेच्या नोंदींत इतके झेल कोणाच्याही नावावर नव्हते. गोल करणाऱ्याचे नाव गुणफलकावर येते, पण झेल घेणाऱ्याने खाल्लेले धक्के गुणफलकावर येत नाहीत. २००४ साली सिडनीच्या मैदानावर त्याने घेतलेला एक झेल तिकडचे लोक आजही दाखवतात. चेंडू त्याच्या मागून डोक्यावरून पुढे जात होता, तो चेंडूवर नजर ठेवून त्याच दिशेने पूर्ण वेगाने धावत होता, आणि समोरून कोण येत आहे हे त्याला दिसण्याची शक्यताच नव्हती. समोरून खेळाडू येत होते हे खरेच होते. तरीही त्याने अंग चोरले नाही. खो-खोत खांबापाशी सूर मारणाऱ्या मुलाला मी नेहमी सांगत असे की, जमिनीचा विचार उडी घेण्याआधी करायचा, उडी घेतल्यानंतर नाही. तो झेल पाहताना मला हेच वाक्य आठवले.

कर्णधारपद त्याच्याकडे पहिल्यांदा २००५ साली आले. त्या काळात क्लबात दरवर्षी कर्णधार बदलण्याची पद्धत होती. कर्णधार म्हणून हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, ब्रिस्बेनमध्ये, त्याच्या खांद्याजवळचे गळपट्टीचे हाड मोडले. तो वेदनेने मैदानाबाहेर जात असता प्रतिस्पर्ध्यांनी त्याच जखमी बाजूला धक्के दिले आणि त्यावर त्या देशात मोठी चर्चा झाली. २००७ मध्ये अन्य दोघांबरोबर त्याच्याकडे पुन्हा नेतृत्व आले आणि पुढे २०१६ च्या अखेरीपर्यंत ते त्याच्याचकडे राहिले. सबंध कारकिर्दीत सहा वेळा, म्हणजे २००२, २००४, २००६, २००७, २००९ आणि २०१४ साली, तो क्लबाचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. शेवटचे वर्ष आपण पुन्हा एकदा पाहावे अशी विनंती आहे. ज्या वर्षी त्याचा संघ सर्वांत शेवटी होता, त्याच वर्षी त्याची निवड सबंध लीगमधील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघातही झाली. तळाच्या संघाचा कर्णधार, बत्तिशीला टेकलेला, आणि तरी देशातील सर्वोत्तमांत. जिंकणे आणि थोर असणे यांचा सांधा वाटतो तितका सरळ नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाही.

आता ज्या दोन वर्षांमुळे तो आपल्या लेखाच्या यादीबाहेर राहील, त्यांच्याविषयी. २००९ साली सेंट किल्डाने हंगामाचे पहिले १९ सामने सलग जिंकले आणि साखळीतील २२ पैकी २० सामने खिशात घातले. अंतिम सामना मेलबर्न क्रिकेट मैदानावर जिलाँगशी झाला. त्यात जिलाँगने १२ गोल आणि एक-एक गुणाचे ८ फटके मारले, तर सेंट किल्डाने ९ गोल आणि एक-एक गुणाचे १४ फटके मारले. म्हणजे गुण मिळवून देणारे फटके सेंट किल्डाचे २३ आणि जिलाँगचे २० होते. तरी निकाल ८० विरुद्ध ६८ असा लागला. काही हातांच्या अंतराने उंच खांबांच्या बाहेरून गेलेले तीनच फटके आत गेले असते तर तोच संघ, तोच कर्णधार, तीच मेहनत, आणि आपल्या यादीत त्याचे नाव!

पुढल्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीसच त्याच्या मांडीच्या मागच्या स्नायूला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तो त्याच हंगामात परतला आणि संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. २५ सप्टेंबर २०१० रोजी एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर कॉलिंगवुड आणि सेंट किल्डा यांची ६८-६८ अशी बरोबरी झाली. त्या लीगच्या सर्व इतिहासात अंतिम सामना बरोबरीत सुटण्याची ती तिसरी वेळ होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे जादा वेळ दिला जात नसे, सामना पुन्हा खेळला जाई. शेजारचे गृहस्थ सांगत होते की, सामना संपल्याचा भोंगा झाल्यावर मैदानावरील खेळाडूंना आणि प्रेक्षकांना हसावे की रडावे हे कळेना आणि सगळे नुसते उभे राहिले. एका आठवड्याने, २ ऑक्टोबरला, सामना पुन्हा झाला. पहिल्याच सत्रात गोल अगदी समोर असताना रीवोल्टने चेंडू पायावर सोडला, आणि त्याच क्षणी कॉलिंगवुडच्या हीथ शॉने मागून झेप घेऊन तो फटका हातांनी दाबला. रीवोल्टला तो येताना दिसलाच नव्हता. सेंट किल्डा तो सामना ५६ गुणांनी हरला. त्या देशात रीवोल्टचे नाव निघाले की त्याच्या २,९४४ झेलांआधी हा एक हुकलेला गोल आठवणारे लोक आहेत. संपादक महोदय, हेच आपल्याकडेही घडते. सतरा वर्षे मागे पडतात आणि एक क्षण पुढे येतो.

यानंतर त्याने क्लब बदलला असता तर त्याला दोष देणारे थोडेच निघाले असते. जिंकणाऱ्या संघांत त्याच्यासारख्या आक्रमकाला जागा मिळणे अवघड नव्हते. तो गेला नाही. संघ घसरत गेला, जुने सहकारी निवृत्त झाले, विशीतील पोरे आली, आणि त्यांच्यासमोर तो तसाच धावत राहिला. २०१७ मध्ये कर्णधारपद दुसऱ्याकडे सोपवून एक हंगाम तो साधा खेळाडू म्हणून खेळला. कर्णधारपद सोडल्यावर त्याच संघात, आपल्याहून लहान कर्णधाराच्या हाताखाली खेळणे किती अवघड असते, हे ज्यांनी संघ सांभाळले आहेत त्यांना ठाऊक आहे. त्याचा शेवटचा सामना रिचमंडविरुद्ध झाला. समोरच्या संघात त्याचा चुलतभाऊ जॅक रीवोल्ट होता. काही आठवड्यांनी रिचमंडने विजेतेपद पटकावले आणि जो चषक निकच्या हाती कधी आला नाही तो त्याच घरातील दुसऱ्या मुलाच्या हाती आला.

खेळाबाहेरची एक गोष्ट येथे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती त्याच्या नेतृत्वापासून वेगळी काढता येत नाही. त्याची धाकटी बहीण मॅडी अस्थिमज्जेच्या आजाराने, ज्यात शरीर नवे रक्त तयार करणे थांबवते, २०१५ च्या फेब्रुवारीत वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेली. त्या वर्षीही तो कर्णधार होता आणि संपूर्ण हंगाम समोर होता. कुटुंबाने तिच्या नावाने संस्था काढली, त्या आजारावरील संशोधनासाठी निधी उभा केला, आणि सेंट किल्डा व रिचमंड यांच्यातील एक सामना तिच्या नावाने खेळला जाऊ लागला. दोन भाऊ दोन विरुद्ध संघांत, आणि सामना बहिणीच्या नावाचा. आपल्या सोलापुरात गणेशोत्सवात आणि जयंत्यांना रक्तदान शिबिरे होतात, तरुण मंडळे त्यासाठी धडपडतात. त्या मंडळांतील एखाद्या कार्यकर्त्याने हे वाचून अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीबद्दल चौकशी केली, तरी या पत्राचे चीज झाले असे मी मानीन.

आता सोलापूरकडे येतो. काही वर्षांपूर्वी माझ्या शाळेचा मुलींचा खो-खो संघ एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत एका गुणाने हरला. आमची कर्णधार पूर्व भागातील, घरी आई विड्या वळणारी. त्या सामन्यात ती पहिल्या डावात तीन मिनिटे दहा सेकंद आणि दुसऱ्या डावात दोन मिनिटे चाळीस सेकंद पळाली, आणि आक्रमणात तिने चार गडी टिपले. सामना संपल्यावर बाकीच्या मुली रडत होत्या. ती खांबापाशी बसून गुडघ्यांवरची लाल माती नखांनी खरवडत होती. मातीखाली सालपटे निघाली होती, तरी तिचे खरवडणे थांबत नव्हते. दुसऱ्या दिवशी शहरातील एका वर्तमानपत्रात बातमी आली. विजयी संघाचे छायाचित्र, विजयी कर्णधाराचे नाव, बक्षीस देणाऱ्या सर्व पाहुण्यांची नावे, अगदी सूत्रसंचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले हेही. पराभूत संघाच्या शाळेचे नाव शेवटच्या ओळीत होते आणि तेही चुकीचे छापले होते. माझ्या कर्णधाराचे नाव कोठेच नव्हते. तिने ते कात्रण घरी दाखवायचे ठरवले होते. दाखवायला काही उरले नाही. पुढच्या जूनमध्ये सरावाला ती आली नाही. मी घरी गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी मला पाटावर बसवले, चहा दिला आणि अत्यंत आदराने विचारले, “सर, वर्षभर पळून तिला मिळालं काय?” माझ्याजवळ दाखवण्यासारखा एक कागदसुद्धा नव्हता.

त्या दिवशी माझ्या हाती तिच्या सामन्याचे आकडे छापलेले चार ओळींचे कात्रण असते, तर तिचे वडील नक्की बदलले असते असा माझा दावा नाही. परंतु मला बोलायला काही तरी आधार मिळाला असता. मेलबर्नमध्ये सामना हरलेल्या संघाच्या प्रत्येक खेळाडूचे फटके, झेल आणि अडवणुकी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतात, हे मी स्वतः पाहिले आहे. रीवोल्टची थोरवी ज्या आकड्यांवरून सिद्ध होते ते आकडे कोणी तरी दर आठवड्याला, संघ हरत असतानाही, इमानाने लिहून ठेवले म्हणूनच आज उपलब्ध आहेत. २,९४४ हा आकडा एका दिवसात जमलेला नाही. त्यातला प्रत्येक झेल कोणी तरी पाहिला आणि टिपला. सोलापूर जिल्ह्यात खो-खोची परंपरा एवढी जुनी, गावोगावी मैदाने आणि मैदानांवर तयार झालेली पोरे, पण हरलेल्या संघातील खेळाडू किती वेळ पळाला याची नोंद स्पर्धेच्या गुणपत्रिकेत राहते आणि गुणपत्रिका आयोजकांच्या कपाटात.

म्हणून माझी आपल्याकडे एक नेमकी मागणी आहे. यंदाच्या शालेय स्पर्धांच्या बातम्या देताना आपल्या पानावर पराभूत संघाच्या कर्णधाराचे नाव आणि दोन्ही संघांतील पहिल्या तीन खेळाडूंची कामगिरी, खो-खोत संरक्षणाची वेळ व टिपलेले गडी, कबड्डीत चढायांतील आणि पकडींतील गुण, एवढे तरी अवश्य द्यावे. पाहुण्यांची नावे थोडी कमी केली तर त्यासाठी पुरेशी जागा निघते. आकडे मिळवण्याची अडचण असेल तर ती मी दूर करतो. पार्क चौकाच्या परिसरात आणि शहरातील अन्य मैदानांवर होणाऱ्या सामन्यांना मी निवृत्तीनंतरही नेमाने जातो, वही-पेन आणि थांबघड्याळ माझ्याजवळ असते, आणि माझ्यासारखे आणखी चार-पाच निवृत्त क्रीडाशिक्षक हे काम विनामोबदला करावयास तयार आहेत. सामना संपल्यापासून तासाभरात गुणपत्रिकेशी ताडून घेतलेले आकडे आपल्या कार्यालयात पोहोचतील, याची हमी मी देतो.

आणि थोर कर्णधारांवरील त्या लेखाचा पुढील भाग निघणार असेल, तर त्यात निक रीवोल्टचे नाव घ्यावे. त्याच्याविषयीचा मजकूर हवा असल्यास मी लिहून देईन. माझ्या त्या विद्यार्थिनीचे लग्न होऊन ती आता शहरातच राहते, तिची मुलगी तिसरीत आहे. तिची परवानगी घेऊन तिचे नाव मी आपणास वेगळ्या कागदावर कळवीन. त्या सामन्याची दोन्ही डावांची नोंद, मिनिटे-सेकंदांसह, माझ्या वहीत अजून आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
सोलापूर